अंगठी नंतर, ओळख आधी



आजचं वाचन : वाल्मीकि रामायण, सुंदरकांड. अशोकवनातली सीतामाई आणि हनुमंताची भेट.
आजचा विषय : विश्वास. स्वतःवरचा आणि एकमेकांवरचा.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. मारुतीने उडी मारली, लंकेत गेला, सीतामाईला रामाची अंगठी दिली, तिने ती ओळखली आणि काम झालं. पण वाल्मीकींचं सुंदरकांड शांतपणे वाचायला घेतलं की लक्षात येतं, अंगठी बरीच उशिरा येते. तिच्याआधी कितीतरी बोलणं होतं, संशय होतो, प्रश्न विचारले जातात, उत्तरं दिली जातात. आज आपण तेवढाच भाग बघूया. नात्यात विश्वास कसा तयार होतो, हे त्या भागात अगदी पायरी-पायरीने दिलेलं आहे.

आधी सीतामाईची अवस्था लक्षात घ्या. चहूबाजूंनी राक्षसिणींचा पहारा. रावण नुकताच धमकी देऊन गेलाय की आता दोनच महिने उरले. आणि ती इथवर आली कशी? पंचवटीत एक संन्यासी दारात आला. तिने त्याचा आदर केला, अतिथी म्हणून आसन दिलं, आणि तो संन्यासी रावण निघाला. ही पंचवटी आपल्या खर्डीकरांना काही परकी नाही. खर्डीहून पुढे कसारा, मग घाट चढला की इगतपुरी आणि पुढे नाशिक. आपल्याच वाटेवरच्या जागी एका माणसाने साधूच्या वेशाचा गैरफायदा घेतला. चूक विश्वास ठेवणाऱ्या सीतामाईची नव्हती, वेश घेऊन फसवणाऱ्याची होती. पण जखम तिला झाली. आणि एकदा असं झालं की माणूस पुढच्या प्रत्येक दारावरच्या माणसाकडे संशयाने बघतो.

तुमच्यापैकी किती जणांना हे ओळखीचं वाटतंय? एका मित्राने पैसे बुडवले म्हणून नंतर कुणालाच उसने न देणारे. एका नात्यात फसवणूक झाली म्हणून पुढच्या माणसाचा फोन तपासणारे. हे सगळे वाईट लोक नाहीत. जखमी आहेत.

आता अशा जखमी माणसाशी हनुमंत कसा वागतो ते बघा.

पहिली पायरी : समोरच्याला समजेल अशी भाषा

शिंशपाच्या झाडावर पानांत लपून बसलेला हनुमंत विचार करतो की मी बोलू कुठल्या भाषेत? विद्वानांसारखी शुद्ध संस्कृत बोललो तर या माऊलीला वाटेल रावणच आलाय. म्हणून तो साध्या माणसांची भाषा निवडतो. केवढा मोठा पंडित, पण त्या क्षणी आपली विद्वत्ता दाखवण्यापेक्षा समोरच्याची भीती कमी करणं त्याला महत्त्वाचं वाटतं.

आपण काय करतो? भांडण झालं की घरच्यांशी ऑफिसच्या भाषेत बोलतो. आईला ‘तू ओव्हररिॲक्ट करतेयस’ म्हणून मोकळे होतो. आपलं म्हणणं बरोबर असेलही, पण ज्या भाषेत आईला आधीच दुखलंय त्याच भाषेत ते सांगितलं तर तिच्यापर्यंत पोचणार नाही.

दुसरी पायरी : सुरुवात ‘मी’पासून नाही

हनुमंत समुद्र ओलांडून आलाय. सांगण्यासारखा पराक्रम आहे त्याच्याकडे. तरी तो सुरुवात दशरथ राजापासून करतो, रामाच्या वनवासापासून करतो. हळू आवाजात, झाडावरूनच. सीतामाईच्या मनात जे सगळ्यात जवळचं आहे, तिथून तो बोलणं सुरू करतो. स्वतःचं नाव नंतर.

तिसरी पायरी : संशय आला तर थांबायचं, चिडायचं नाही

ही मला सगळ्यात अवघड वाटते. हनुमंत खाली उतरतो, जवळ यायला लागतो. आणि तो जसजसा जवळ येतो, तसतसा सीतामाईचा संशय वाढतो. हाही रावणच! तिला आधी हे स्वप्न वाटलं होतं, आता कपट वाटतं. ती त्याला तसं तोंडावर बोलूनही दाखवते.

कल्पना करा हं. एवढा समुद्र ओलांडून, जिवावर उदार होऊन तुम्ही एखाद्याला मदत करायला गेलात आणि तो म्हणाला, ‘तू फसवा आहेस.’ आपण काय म्हटलं असतं? ‘एवढं केलं तुमच्यासाठी आणि वर हे?’ हनुमंत तसं काही म्हणत नाही. तो हात जोडून उभा राहतो. तिचा संशय हा आपला अपमान आहे असं तो धरतच नाही. तिच्या संशयामागे पंचवटीचं दुःख आहे, हे त्याला कळलेलं आहे.

चौथी पायरी : प्रश्नांना उत्तरं

सीतामाई परीक्षा घेते. राम दिसतात कसे, लक्ष्मण कसे आहेत, त्यांच्या खुणा सांग. माणसांची आणि वानरांची गाठ पडली कुठे? हनुमंत एकेक गोष्ट सविस्तर सांगतो. सुग्रीवाची मैत्री कशी झाली, तिने आकाशातून टाकलेले दागिने वानरांना कसे मिळाले, रामांनी ते बघून काय केलं, सगळं.

आणि मग, एवढं सगळं झाल्यावर, तो अंगठी पुढे करतो.

आता कळलं का अंगठी नंतर का? अंगठी चोरताही येते. रावणाकडे मायेने तशी बनवताही आली असती. अंगठीने फक्त शिक्कामोर्तब केलं. विश्वास आधीच तयार झाला होता, शांत बोलण्यातून आणि न चिडता दिलेल्या उत्तरांतून.

आपण मात्र आज आधी अंगठी मागतो. ‘माझ्यावर विश्वास आहे ना, मग पासवर्ड दे.’ ‘लाइव्ह लोकेशन चालू ठेव.’ ‘ब्लू टिक आली, मग रिप्लाय का नाही?’ आपल्याला पुरावा हवा असतो, पण ओळख करून घ्यायला वेळ नसतो. लोकेशनवरून माणूस कुठे आहे ते कळतं, तो कसा आहे ते कळत नाही.

पाचवी पायरी : ‘नाही’ ऐकून घेणं

पुढे हनुमंत म्हणतो, आई, माझ्या पाठीवर बसा, आत्ताच तुम्हाला रामांकडे नेतो. सीतामाई नको म्हणते, आणि का नको तेही सांगते. हनुमंत ते मान्य करतो. हट्ट नाही, रुसवा नाही. मग ती त्याला आपला चूडामणी देते आणि चित्रकूटावरची कावळ्याची आठवण सांगते, जी फक्त तिला आणि रामांना ठाऊक होती. म्हणजे बघा, आता तीच त्याच्या हातात आपली सगळ्यात खाजगी खूण ठेवते. ज्या नात्यात ‘नाही’ म्हणता येतं, त्याच नात्यात मन मोकळं होतं.

मुलींनो, हे तुमच्यासाठी विशेष. जो तुमचं ‘नाही’ ऐकून घेत नाही आणि वर ‘विश्वास नाही का’ म्हणतो, तो विश्वास मागत नाहीये, ताबा मागतोय. सीतामाईने प्रश्न विचारले म्हणून तिची भक्ती कमी झाली नाही. तुम्ही विचारलेत म्हणून तुमचं प्रेम कमी होणार नाही.

पण हनुमंताचा स्वतःवरचा विश्वास?

आता थोडं मागे जाऊ, किष्किंधाकांडाच्या शेवटी. सगळे वानर समुद्रकाठी हताश बसलेत. पलीकडे लंका, मध्ये शंभर योजनं पाणी. प्रत्येक जण सांगतोय, मी दहा योजनं जाईन, मी वीस, मी तीस. म्हातारा जांबवान म्हणतो, मी नव्वद जाईन. तरुण अंगद म्हणतो, मी शंभर जाईन खरा, पण परत येता येईल का याची खात्री नाही.

आणि हनुमंत? तो एका बाजूला गप्प बसलाय. ज्याच्यात ताकद आहे, तोच काही बोलत नाही. उत्तरकांडात याचं कारण येतं. लहानपणी खोड्या काढल्या म्हणून ऋषींनी शाप दिला होता की कुणीतरी आठवण करून देईपर्यंत तुला तुझं बळ आठवणार नाही. जांबवान त्याच्याजवळ जातो, त्याच्या जन्माची, त्याच्या सामर्थ्याची गोष्ट त्याला सांगतो. तेव्हा तो उभा राहतो.

आपण ‘आत्मविश्वास’ म्हटलं की एकट्याने आरशासमोर उभं राहून म्हणायची गोष्ट समजतो. रामायण म्हणतं, स्वतःवरचा विश्वास पुष्कळदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. ज्याने आपल्याला लहानपणापासून बघितलंय, त्याच्याकडून.

आमच्या पट्ट्यात याचं रोज दिसणारं उदाहरण आहे. खर्डीहून थोडं पुढे कसाऱ्याला लांब पल्ल्याची गाडी थांबते आणि घाट चढण्यासाठी तिला मागून बँकर इंजिनं लावतात. 1865 साली हा थळ घाटाचा रेल्वेमार्ग सुरू झाला. चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेच्या हिशोबात हा फार तीव्र चढ. पुढचं इंजिन चांगलं असतं, त्यात खोट नसते, पण चढच तसा आहे. मागून ढकलणारं इंजिन प्रवाशांना दिसतही नाही. इगतपुरीला ते सुटतं आणि गाडी पुढे जाते. जांबवान हा हनुमंताचा बँकर. तुमच्या आयुष्यात तो कोण आहे? आणि तुम्ही कुणाचे आहात? ‘मला कुणाची गरज नाही’ हा आत्मविश्वास नव्हे मंडळी. घाटात कुणाची मदत लागते हे ओळखणं, हाही स्वतःला ओळखण्याचाच भाग.

न दिसणाऱ्या आधाराचं आणखी एक उदाहरण सांगतो. मुंबईत राहणारे तुम्ही सकाळी नळ उघडता तेव्हा पाणी येणार यावर तुमचा विश्वास असतो. त्यातलं पुष्कळ पाणी आमच्या शहापूर तालुक्याच्या बाजूने येतं. तानसाचं धरण 1892 पासून मुंबईला पाणी देतंय, भातसा पण इथलंच. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या असतात. ज्यांच्या भरवशावर आपलं चालतं त्यांची आठवण ठेवणं, हाही विश्वासातलाच भाग आहे. भरवसा एकाच बाजूने वाहत राहिला तर त्याला नातं म्हणता येत नाही.

बरं, जांबवानाने जागं केलं म्हणजे हनुमंताचा प्रश्न कायमचा सुटला का? नाही. लंकेत सगळीकडे शोधूनही सीतामाई सापडत नाही, तेव्हा तो खचतो. मनात मरणाचेसुद्धा विचार येतात. रिकाम्या हाताने परत गेलो तर तिकडे काय होईल, या विचाराने तो थरथरतो. हो, आपला बजरंगबलीच! मग तो स्वतःला सावरतो. निराश न होणं हेच पुढच्या सगळ्या चांगल्याचं मूळ आहे, जिवंत राहिलो तर काहीतरी भलं बघता येईल, आणि एक जागा शोधायची राहिली आहे, असं स्वतःला समजावतो. ती राहिलेली जागा म्हणजे अशोकवन.

गीतेच्या सहाव्या अध्यायात, पाचव्या-सहाव्या श्लोकांत भगवंत हेच सांगतात. आपणच आपल्याला वर काढायचं, खाली ढकलायचं नाही. आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू. तुमच्यापैकी कुणी आत्ता त्या लंकेतल्या रात्रीसारख्या अंधारात असेल, तर एकच सांगतो : एकटे राहू नका. आज, आत्ता, कुणाला तरी फोन करा. एक अशोकवन अजून बघायचं बाकी आहे.

आणि विश्वास मोडला असेल तर?

हा प्रश्न मला एका मुलाने विचारला. आमच्याच बाजूच्या गावातला, पहाटेच्या लोकलने जाणारा. घरून रोज डबा घेऊन निघायचा. कल्याणला उतरायचा, दिवसभर इकडेतिकडे बसायचा आणि संध्याकाळी परत यायचा. नोकरी सुटून दोन महिने झाले होते. घरी कुणालाच माहीत नव्हतं. पगाराच्या नावाखाली मित्रांकडून उसने आणून आईच्या हातात ठेवत होता. मला म्हणाला, ‘दादा, मारुतीला शनिवारी तेल घालतो, टिटवाळ्याला मंगळवारी जाऊन येतो. पण घरी सांगायची हिंमत होत नाही. आता सांगितलं तर ते परत कधी विश्वास ठेवतील का?’

मी त्याला सुग्रीवाची गोष्ट सांगितली. रामांनी सुग्रीवाला राज्य मिळवून दिलं. त्याने शब्द दिला होता की पावसाळा संपला की सीतेचा शोध सुरू करीन. पावसाळा संपला आणि सुग्रीव सुखात रमून गेला. दिलेला शब्द बाजूला राहिला. राम दुःखी झाले, रागावलेही. लक्ष्मण संतापून किष्किंधेत आला. आधी तारेने त्याला शांत केलं. मग सुग्रीवाने काय केलं? चूक कबूल केली, क्षमा मागितली, आणि लगेच कामाला लागला. वानरसेना गोळा केली, चारही दिशांना पाठवली, एक महिन्याची मुदत घालून दिली. त्या शोधातूनच पुढे हनुमंत लंकेत पोचला. म्हणजे ज्या सुंदरकांडाचं आपण पारायण करतो, त्याच्या मुळाशी एक मोडलेला आणि पुन्हा जोडलेला शब्द आहे.

त्या मुलाने रविवारी घरी सांगितलं. रडारड झाली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, ‘उद्यापासून खरं सांगून निघ.’ माफ केलं असं नाही म्हणाले. पण घरातून निघायची वाट बंद केली नाही. पुढे त्याला तात्पुरतं काम मिळालं. पहिल्या महिन्यात वडिलांनी पगाराची स्लिप बघायला मागितली, तो थोडा दुखावला. मी म्हटलं, आठव, सीतामाईने खुणा विचारल्या तेव्हा हनुमंत रुसला होता का? दाखव. त्यांनी मागायच्या आधी दाखव.

अजून सगळं पूर्वीसारखं झालेलं नाही. होईल की नाही, सांगता येत नाही. उसने पैसे थोडे थोडे फिटतायत. पण आता डब्यात खोटेपणा जात नाही, हे त्याचं म्हणणं.

विश्वास परत कसा येतो हे बघायचं असेल तर गावातल्या बायकांच्या बचत गटाकडे बघा. गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब लेखन. पाचही ठिकाणी शब्द एकच, नियमित. ‘आमचं एकमेकींवर फार प्रेम आहे’ असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. तरी ज्या बाईकडे तारण ठेवायला काही नाही, तिला गट कर्ज देतो, कारण ती दर बैठकीला आली, ठरलेली रक्कम भरली आणि वहीत लिहिलं गेलं. मोठ्या शपथांनी जे होत नाही, ते छोट्या रकमेच्या नियमितपणाने होतं.

स्वतःवरचा विश्वासही असाच. रात्री ठरवायचं ‘उद्यापासून पाचला उठणार, तासभर पारायण, तासभर व्यायाम’, आणि सकाळी अलार्म बंद करून झोपायचं. असं दहा वेळा झालं की मनच आपल्याला म्हणतं, ‘तुझं काय खरं आहे!’ आपण स्वतःचे थकबाकीदार होतो. त्यापेक्षा दहा मिनिटांचं नामस्मरण ठरवा, पण ते रोज करा. मनाच्या वहीत तेवढी नोंद पडू द्या.

आजचा अभ्यास

1. आज स्वतःला एक लहान शब्द द्या, झोपायच्या आधी पूर्ण होईल एवढाच. आणि तो पाळा.

2. ज्या एका माणसाला तुमचा संशय येतो, त्याच्या प्रश्नाला आज न चिडता उत्तर द्या. पूर्ण उत्तर.

3. तुमच्या ओळखीतला एक गप्प बसलेला हनुमंत शोधा. ऑफिसात असेल, घरात असेल, हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीत असेल. त्याला त्याचं बळ सांगा. खोटी स्तुती नको. जांबवानाने हनुमंताला खरंच घडलेलं सांगितलं होतं.

4. काही लपवलेलं असेल तर ते कुणाला सांगायचं ते ठरवा. आणि ते सांगायचा दिवसही ठरवा.

प्रार्थना

हे मारुतीराया, तुझ्यासारखी उडी आम्हाला जमेल न जमेल, पण तुझ्यासारखं थांबता येऊ दे. कुणी संशय घेतला तर हात जोडून उभं राहता येऊ दे. आमचा शब्द रोज थोडा थोडा खरा होऊ दे. आणि जिथे आम्ही शब्द मोडलाय, तिथे सुग्रीवासारखं कामाला लागायची बुद्धी दे.

उद्याचं वाचन : हनुमंत परत येतो तो प्रसंग. तो आधी सीतामाई दिसल्याची बातमी सांगतो आणि स्वतःचा पराक्रम नंतर. असं का, ते उद्या बघू.

तोवर आपापल्या बँकरला एक फोन नक्की करा!

राम कृष्ण हरी.